दंडातली नळी

बायकोच्या उजव्या दंडात नळी बसवायचं ठरलं, तेव्हा तिला औषध दोनदा चढवून झालं होतं. डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालेलं असल्यानं डाव्या हाताला सुई लावायची नव्हती. उरला उजवा. पहिल्या वेळी शीर सापडली. दुसऱ्या वेळी सापडलेली शीर मध्येच फुटली, मनगटापासून कोपरापर्यंत हात सुजला आणि उरलेलं औषध पुढं ढकलावं लागलं. उपचार बारामतीच्या एका रुग्णालयात चालू होते. तिथल्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवलं. तिघं म्हणजे ती, मी आणि तिचा धाकटा भाऊ.

डॉक्टरांनी कागदावर माणसाच्या छातीचं चित्र काढलं. हृदयाच्या अगदी वर एक मोठी शीर असते. तिथं रक्त इतक्या वेगानं वाहतं की औषध पडल्या पडल्या पातळ होऊन पुढं जातं. हाताच्या बारीक शिरेत तेच औषध रेंगाळतं आणि शीर जाळतं. त्या मोठ्या शिरेपर्यंत जायचे रस्ते ठरलेले आहेत. मानेतून जाता येतं, पण ते दाखल असलेल्या रुग्णांसाठी, थोड्या दिवसांपुरतं. छातीच्या कातडीखाली एक लहानशी डबी बसवता येते, ती बाहेरून जवळजवळ दिसत नाही, पण तिला छोटं ऑपरेशन लागतं आणि बायकोच्या रक्तातल्या पेशी तेव्हा ऑपरेशन झेपण्याइतक्या नव्हत्या. तिसरा रस्ता दंडातून. मऊ नळी दंडाच्या आतल्या शिरेतून वर सरकवत हृदयाजवळ न्यायची, एक टोक बाहेर ठेवायचं.

"हा एकच हात आपल्याला आहे," डॉक्टर म्हणाले. "ही नळी शेवटच्या डोसपर्यंत टिकली पाहिजे. जंतू शिरले किंवा बंद पडली तर काढावी लागेल. मग औषध थांबेल."

थांबेल या शब्दावर ती वळली. माझ्याकडे नाही, भावाकडे.

नळी बसवायला फार वेळ लागला नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर शीर बघत ती आत सरकवली, एक्स-रे काढून टोक जागेवर असल्याची खात्री केली. बायको बाहेर आली तेव्हा तिच्या दंडावर पारदर्शक चिकट पट्टी होती, पट्टीखाली नळी जिथून आत जाते ती जागा दिसत होती आणि पट्टीबाहेर दोन बारीक शेपट्या लोंबत होत्या, प्रत्येकीला एक चिमटी.

मेहुण्यानं वाकून पाहिलं. "आक्के, तुला ड्रिप केलं की गं."

"गप ए."

"न्हाय, खरंच. आता पानी बी कमी लागंल आन् खत बी मुळाशी."

ती हसली. ऑपरेशन झाल्यापासून ती माझ्यासमोर हसली नव्हती. आताही माझ्यासमोरच हसली, असं म्हणता येईल. पण हसली ती भावाच्या बोलण्याला.

मेहुणा इंदापूर तालुक्यात ऊस करतो. गाव भिगवणच्या पुढं, उजनीच्या फुगवट्याच्या काठावर. त्याचा आजा मेंढरं घेऊन फिरायचा. धरणाचं पाणी आलं तसं बापानं मेंढरं विकून जमीन धरली, आणि याच्या हाती आली तोवर ती सगळी ठिबकवर गेली होती. त्याची बायको मुलांच्या शाळेसाठी बारामतीत खोली घेऊन राहते. अशा कितीतरी खोल्या बारामतीत आहेत. गावच्या घरात तो आणि माझ्या सासूबाई, दोघंच.

आमच्या भागात बाई बाळंतपणाला माहेरी जाते, आजारपण मात्र सासरी काढते. आमच्याकडे उलट झालं. मी एका दैनिकाच्या बारामती कार्यालयात पानं लावतो. काम दुपारी सुरू होतं आणि घरी परत येईतो गल्ली झोपलेली असते. मुलगी शिकायला बाहेरगावी. दुपारपासून अर्ध्या रात्रीपर्यंत फ्लॅटमध्ये एकटं राहण्यापेक्षा मी आईकडं जाते, असं ती म्हणाली. कारण पटण्यासारखं होतं.

नळीला दर आठवड्याला हात लागतो. जुनी पट्टी काढून जागा औषधानं पुसायची, नवी पट्टी लावायची, नळीत सलाइनचं पाणी सोडून ती आतून धुवायची. बहुतेक रुग्ण हे रुग्णालयात येऊन करून घेतात. पण गाडीच्या प्रवासात तिला उलट्या व्हायच्या, आणि औषधानंतरच्या दिवसांत धूळ आणि गर्दी टाळायची होती. मेहुण्यानं सिस्टरांच्या मागं लागून ते शिकून घेतलं. ज्या दिवशी शिकवणं होतं, त्या दिवशी एक सहकारी रजेवर असल्यानं मला सकाळपासून कार्यालयात बसणं भाग होतं. सिस्टरांनी आधी करून दाखवलं, मग त्याच्याकडून करून घेतलं, पुढच्या खेपेला पुन्हा समोर उभं राहून करवून घेतलं आणि सांगितलं, की शक्यतो एकाच माणसानं करावं. हात बदलले की चुका वाढतात.

म्हणून हात ठरला. तो माझा नव्हता.

रविवारी मला सुट्टी. रविवारीच पट्टी बदलायची असं त्यांनी ठरवलं होतं, माझ्या सोयीनं, असं ती म्हणाली. मी सकाळी बारामतीहून निघे. भिगवण ओलांडलं की रस्त्याला माशांचा वास यायचा. घरी पोचेपर्यंत सासूबाईंनी धरणातली चिलापी मासळी चिरून ठेवलेली असे. अंगणात लिंबाखाली खुर्ची असे. त्या घरात इतर सगळे जमिनीवर किंवा बाजेवर बसत. खुर्ची एकच होती आणि ती जावयाची.

पहिल्या रविवारी मी हातपाय धुऊन आतल्या खोलीकडं निघालो.

"पाव्हणं, तुमी कशाला उठता?" सासूबाई चुलीपासून म्हणाल्या. "बसा. च्या ठेवलाय."

"आत जाऊन बघतो तरी, मामी."

"बघायचं काय हाय त्यात. जावयाला काम लावलं म्हून लोकं तोंडात शेन घालतील आमच्या."

"काम नाही, नुसतं—"

"दाजी, तुमी बसा," मेहुणा कोपरापर्यंत साबण लावत म्हणाला. "निवांत पेपर वाचा. तुमचाच हाय."

त्यानं तोंडाला मास्क बांधला, तिला बांधायला दिला, धूळ उडू नये म्हणून पंखा बंद केला आणि दार लावून घेतलं. मी बसलो. पेपरमधलं प्रत्येक वाक्य मी आदल्या रात्री वाचलेलं होतं.

दार जुनं, सागाचं, पण खाली फट होती. आतलं बोलणं ऐकू यायचं, सगळं नाही. सलाइन सोडताना ते एका दमात ढकलायचं नसतं, थोडं ढकलायचं, थोडं थांबायचं, म्हणजे नळीत आत भोवरे होतात आणि कडेला बसलेलं धुऊन निघतं. आतून तिचा आवाज यायचा, "ढकल. थांब. ढकल." लहानपणी ती त्याला पाढे म्हणायला लावायची तो सूर असावा. मग औषध पुसल्यावर ती जागा आपोआप वाळेपर्यंत थांबावं लागतं, फुंकर मारायची नाही. त्या वेळात दोघं बोलत. ते बोलणं हळू आवाजात असे. कधी हसणं यायचं. कधी बराच वेळ काही यायचं नाही, आणि ते न येणं ऐकणं जास्त अवघड होतं.

बाहेर आला की मेहुणा मास्क खाली ओढून मला बातमी देई. "लाल न्हाय. सूज न्हाय. बाहीर जेवढी होती तेवढीच हाय, सरकली न्हाय." ऐकीव माहितीवर पानं लावणं हा माझा व्यवसाय आहे. ती दुसऱ्या सूत्राकडून पडताळून घ्यायची असते हेही मला माहीत आहे. इथं दुसरं सूत्र तीच होती, आणि ती म्हणायची, "भाऊनं सांगितलं ना? तेच."

दंड आतून सुजतोय का हे कळावं म्हणून तो दर आठवड्याला त्याचा घेर टेपनं मोजत असे. म्हणून ती बारीक होतेय हे त्याला माझ्या आधी कळलं. एका रविवारी तो अंगणात येऊन म्हणाला, "दाजी, आक्काचा दंड उतरलाय." लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बाईच्या दंडाबद्दल हे मला सांगितलं जात होतं. मी विचारलं, "किती?" त्यानं आकडा सांगितला. मी मान हलवली.

केस गेले तेही मला रविवारी कळलं. गेल्यावर कळलं. ओसरीवर ती डोक्याला ओढणी बांधून बसली होती आणि मेहुणा तिच्या पायाशी शेंगा फोडत होता.

"कधी काढले?" मी विचारलं.

"बुधवारी. उशीवर यायला लागले, मग म्हटलं एकदाच काय ते."

"कुणी?"

"कोन काय," मेहुणा म्हणाला. "आमचा आज्जा मेंढरं कातरायचा. हात घरातच हाय."

"आणि मेंढरू किती गुणाचं, तेही सांग," ती म्हणाली.

"लाथ घातली की मला. खालच्या दातावर बसली."

"मुद्दाम घातली."

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो, थोडं उशिरा. तिचे केस कमरेपर्यंत होते. ते जातील तेव्हा काय बोलायचं याची मी मनात बरीच तयारी करून ठेवली होती. ती वापरायची वेळ निघून गेली होती.

गावात मेहुण्याला डॉक्टर म्हणायला लागले. दुधाची किटली घेऊन जाणारा शेजारी फाटकातून मला विचारी, "काय दाजी, डॉक्टर आत हायत का?" मी हो म्हणे. "मंग तुमी कंपाउंडर का?" सासूबाई त्याला हाकलत. जावयाची चेष्टा त्यांना खपत नसे. कंपाउंडर असतो तर आत असतो, हे मी त्याला सांगितलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला, औषधाचे मोजके डोस राहिले असताना, एका रविवारी दाराआडचं "ढकल, थांब" सुरूच झालं नाही. मी पेपर खाली ठेवला.

"जात न्हाय," मेहुण्याचा आवाज आला.

"चिमटी उघडलीस का?"

"उघडीच हाय. जातच न्हाय आत."

"हात वर करू का?"

"कर. न्हाय. तरी न्हाय." मग थोड्या वेळानं, "गाळ बसलाय जनू. ती पेशी वाढायच्या इंजेक्शनातली बारकी सिरिंज कुठं हाय? तिला जोर चांगला बसतोय. एकदा प्रेशर दिलं की सुटंल."

हे तो कुठून बोलत होता ते मला कळत होतं. फुगवट्याच्या पाण्यात गाळ आणि शेवाळ असतं. ठिबकच्या नळ्या त्यानं तुंबतात, आणि तिथला प्रत्येक शेतकरी त्यावर एकच करतो. नळीच्या टोकाची गुंडी काढायची आणि मोटरचा दाब वाढवायचा. पहिल्यांदा काळं पाणी येतं, मग साफ. मेहुण्यानं हे आयुष्यात इतक्या वेळा केलं होतं की तुंबलेली नळी म्हटल्यावर त्याच्या हातांना दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतं. पण ठिबकच्या नळीचं दुसरं टोक बांधावर उघडं पडतं. या नळीचं दुसरं टोक तिच्या हृदयाच्या वर होतं. नळी बसवली त्याच दिवशी सिस्टरांनी आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं, सिरिंज मोठीच वापरायची, लहान नाही, आणि जात नसेल तर जोर लावायचा नाही, थांबायचं आणि फोन करायचा. त्यानं ते ऐकलं होतं. मीही.

मी दार ढकलून आत गेलो.

"थांब. ती सिरिंज लावू नकोस."

"दाजी, एक मिनिट, आत्ता सुटंल—"

"सुटून कुठं जाईल? आत जाईल ते. ठेव खाली."

"तुमाला काय म्हाईत हातात कसं लागतंय ते."

"तुला शिकवलंय ना काय करायचं नाही ते?"

बोलणं अजून वाढलं असतं. तिनं डाव्या हातानं दोन्ही चिमट्या एकामागून एक बंद केल्या, समोरच्या पाकिटातला कापसाचा चौकोन उचलून नळीच्या शेपटीच्या उघड्या तोंडावर धरला आणि मग आमच्याकडं पाहिलं. आधी भावाच्या हातातल्या सिरिंजकडं, नंतर माझ्या पायांकडं. मी अंगणातल्या चपला घालून आत आलो होतो. तोंडाला काही बांधलेलं नव्हतं.

"दोघंही बाहेर जा," ती म्हणाली. "आईला पाठवा. आणि गाडी काढा."

आम्ही बारामतीला निघालो. मी चालवत होतो, ती शेजारी, मेहुणा मागं. दंडाभोवती स्वच्छ टॉवेल गुंडाळलेला होता. भिगवणला माशांच्या टपऱ्यांसमोर रविवारची गर्दी होती, तिथून हळू जावं लागलं. तिनं काच वर घेतली. तिला काय विचारायचं होतं ते तिनं शेवटी विचारलंच, कुणा एकाला नाही.

"बंद पडली म्हणजे काढतातच का?"

"न्हाय गं," मागून मेहुणा म्हणाला. पण त्या आवाजात नेहमीचं काही नव्हतं.

"बघू," मी म्हणालो.

रुग्णालयात ओळखीच्या सिस्टर होत्या. त्यांनी शेपटीच्या टोकाची टोपी बदलली. कधी कधी ती टोपीच बंद पडलेली असते. नव्हती. तिला हात डोक्यावर घ्यायला सांगितला, मान वळवायला, खोकायला सांगितलं. नळीचं टोक शिरेच्या भिंतीला टेकलेलं असेल तर तेवढ्यानं सुटतं. सुटलं नाही. मग सिस्टरांनी डॉक्टरांना फोन केला आणि रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध अगदी थोडं, स्वतःहून आत ओढलं जाईल असं, नळीत भरून ठेवलं. आता थांबायचं, म्हणाल्या.

आम्ही थांबलो. मेहुणा भिंतीला टेकून उभा होता, बसायला जागा असून. सिस्टरांनी पुन्हा सिरिंज लावून ओढून पाहिली. काही नाही. आणखी थांबलो. तिनं डोळे मिटून घेतले होते. झोप लागली नव्हती, कारण पापण्या हलत होत्या. तिसऱ्या वेळी सिस्टरांनी हळूच दट्ट्या मागं घेतला आणि सिरिंजमध्ये एक लाल रेघ आली.

"आली," सिस्टर म्हणाल्या.

तिनं डोळे उघडून ती रेघ पाहिली. मेहुणा खाली बसला, तिथंच, फरशीवर.

नळी धुऊन झाल्यावर सिस्टरांनी विचारलं, "घरी जोर लावला होता का?"

"लावनार होतो," मेहुणा म्हणाला. "बारकी सिरिंज घेतली होती. दाजींनी अडवलं."

"देवानंच अडवलं म्हणायचं. बारीक सिरिंजचा दाब जास्त बसतो. नळी आतल्या आत फाटली असती, नाहीतर गुठळी पुढं सुटली असती. मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलं होतं, सिस्टर."

"मग?"

सिस्टर त्याला बरंच बोलल्या, आवाज न चढवता. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ते सगळं ऐकलं. मध्ये पडलो नाही. बोलणं संपल्यावर सिस्टर माझ्याकडं वळल्या. "तुम्ही शिकून घेता का? म्हणजे दोघं जण तयार असतील."

"नको," ती पलंगावरून म्हणाली. "भाऊच करेल."

मेहुणा बायकोमुलांना भेटायला खोलीवर गेला. संध्याकाळच्या गाडीनं गावी येतो म्हणाला. परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही दोघंच होतो. शहराबाहेर पडल्यावर तिनं विचारलं,

"तुम्हाला बरं वाटलं ना?"

"नळी सुटली, बरं वाटणारच."

"ते नाही. सिस्टर त्याला बोलत होत्या तेव्हा."

उसाच्या ट्रॉलीमागं अडकलो होतो. मी ओलांडायची घाई केली नाही.

"मी बरोबर होतो," मी म्हणालो.

"होतात की. मी कुठं नाही म्हणते? पण तो कुठं चुकला ते त्याला कळलंय. आता तो डोळ्यांत तेल घालून करेल. तुम्हाला फक्त तो चुकला एवढंच कळलंय."

ट्रॉली डावीकडं वळली. पुढचा रस्ता मोकळा होता.

"मला शिकवलं असतं सिस्टरांनी. त्यात काय बिघडलं असतं?"

"तुमचा हात कापतो."

"कधी कापला?"

"माझा रिपोर्ट उघडताना. प्रत्येक रिपोर्ट उघडताना." ती खिडकीबाहेर बघत बोलत होती. "तुमचा हात कापला की मला वाटतं, तुम्हाला काहीतरी कळलंय आणि तुम्ही ते सांगत नाही. दर आठवड्याला मला तो हात इतक्या जवळून बघायचा नाही. भाऊला काही कळत नाही. कळलं तरी लगेच बोलून टाकतो. मला तेच पाहिजे सध्या."

मला रिपोर्टांतलं खरोखरच काही जास्त कळत नव्हतं, हे मी सांगितलं असतं; पण तेही तिनं लपवण्यातच धरलं असतं. भिगवणच्या अलीकडं तिला मळमळलं. मी गाडी कडेला घेतली आणि पाण्याची बाटली धरून उभा राहिलो. तिनं चूळ भरली, बाटली परत दिली.

"घरी गेलं की खुर्चीवर बसू नका," ती म्हणाली. "बाजेवर बसा. आई बोलेल, बोलू दे."

पुढच्या रविवारी मी बाजेवर बसलो. सासूबाई बोलल्या. "जावयाला बाजंवर बसवलं तर खुर्ची काय आमी देवाला वाहायची?" मेहुण्यानं तिकडं लक्ष दिलं नाही. तो जास्त वेळ हात धुऊ लागला होता. दाराआडचं बोलणं कमी झालं होतं, सलाइन सोडतानाचं तिचं "ढकल, थांब" तेवढं पूर्वीसारखं होतं. मला वाटलं होतं, त्या दिवसानंतर दाराकडं बघताना जे व्हायचं ते होणार नाही. ते होत राहिलं. फरक इतकाच पडला की आता मला ते त्याच्या चुकीवर लोटता येत नव्हतं. तो चुकत नव्हता. पट्टी ओली होऊ नये म्हणून तिच्या अंघोळीच्या वेळी दंडाला प्लॅस्टिक कसं गुंडाळायचं, झोपेत शेपट्या ओढल्या जाऊ नयेत म्हणून बाही कशी शिवून घ्यायची, हे सगळं त्यानं लावून दिलं. तिला एकदा थंडी वाजून ताप आला, तेव्हा त्यानं कुणाला न विचारता तिला तसंच गाडीत घालून बारामतीला आणलं. मला फोन केला तो रुग्णालयाच्या दारातून. जंतू नळीत नव्हते, घशात होते. मी पोचलो तेव्हा ती भाताची पेज पीत होती आणि तो चमचा धरून होता.

"द्या इकडं," मी म्हणालो.

त्यानं चमचा दिला. तिनं दोन चमचे घेतले आणि पुरे म्हणाली.

नळी टिकली. शेवटचं औषध तिच्यातूनच गेलं. नंतरच्या तपासण्या होईपर्यंत ती ठेवली आणि मग एका सकाळी काढायला बोलावलं. आम्ही पुन्हा तिघं होतो.

नळी काढताना भूल लागत नाही. सिस्टरांनी पट्टी सोडवली, तिला मोठा श्वास घ्यायला सांगितला, मग सोडायला, आणि ती सोडत असताना हलक्या हातानं नळी ओढत राहिल्या. नळी येतच राहिली. तिच्या अंगात इतकी लांब वस्तू होती याची कल्पना मला चित्रावरून आली नव्हती. टोक बाहेर आलं तसा सिस्टरांनी भोकावर कापसाचा चौकोन दाबला.

"कुणीतरी हे धरा घट्ट. मला नळी पूर्ण आली का मोजायचीय."

मेहुण्याचा हात सवयीनं पुढं गेला. कापसापर्यंत पोचला आणि तिथं थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"दाजी, तुमी धरा."

तिनं मला सांगितलं नव्हतं. तिनं नकोही म्हटलं नव्हतं. मी पुढं झालो, सिस्टरांच्या बोटांखालून कापूस घेतला आणि धरला. दंड खरोखर बारीक झाला होता. आकडा मला पाठ होता, तरी तो माझ्या मनातल्यापेक्षा बारीक निघाला. पट्टीच्या जागी कातडी पांढुरकी आणि मऊ झालेली होती.

"इतकं नका दाबू," ती म्हणाली. "भाऊ हलक्या हातानं धरतो."

"दाबू द्या त्यांना," सिस्टर नळी टेपला लावत म्हणाल्या. "आत्ता दाबायलाच लागतं. आणि तुम्ही कापसावरची नजर काढू नका. रक्त आलं तर लगेच सांगा."

"बघ आक्के," मेहुणा म्हणाला, "दाजी बरोबरच असत्यात."

ती हसली. माझी नजर कापसावर होती. ती कुणाकडं बघून हसली, ते मला दिसलं नाही.